छतावरचा उंट

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पेशंटला सगळं समजावून सांगायचं काम माझं, म्हणजे वॉर्डच्या सिस्टरचं. माझ्याकडे रंगीत तक्ते आहेत, प्लास्टिकचं पोट आहे, त्यातली आतडी काढून दाखवता येतात. ती पाहून निम्मे पेशंट जास्तच घाबरतात, हे मी कबूल करते, पण नाइलाजाने.

आमच्या ट्रॉलीवाल्या मामांकडे यातलं काहीच नाही, तरी पेशंट ऐकतात त्यांचंच. याचा मला राग येतो. वीस वर्षं ट्रॉली ढकलून मामांना एकच शोध लागलाय: आडव्या माणसाला फक्त छत दिसतं, आणि छताबद्दल त्याला कुणी काही सांगत नाही. म्हणून ते आदल्या दिवशी पेशंटला झोपवून रंगीत तालीम घेतात. "हे अकरा दिवे. सातवा लुकलुकतो, त्याची सवयच आहे ती. मग हा ओलीचा डाग, उंटासारखा. उंट आला की दार आलं, थिएटरचं. आत भूलवाले डॉक्टर तुमचं नाव विचारतील. त्यांना ठाऊक असतं, तरी विचारतात."

या वेळच्या पेशंट बाई निवृत्त मुख्याध्यापिका. पित्ताशयात खडे. दोनदा त्या त्याच दारातून उठून घरी गेल्या होत्या, एकदा तर सलाइनच्या स्टँडसकट. आता खडा नळीत अडकला तर जिवावर बेतेल, असं सर्जननी बजावलं होतं. माझा तक्ता बाईंनी लाल पेनने तपासून परत दिला. मामांची तालीम मात्र दोनदा मागून घेतली. "उंटापर्यंत येते," म्हणाल्या. "पुढचं पुढे."

सकाळी बघते तर छत पांढरंशुभ्र. रंगारी संध्याकाळी येऊन गेला होता.

"खरं काय ते सांगून टाका," मी म्हटलं.

"उंट नाही म्हटल्यावर बाकीचंही खोटंच वाटणार त्यांना," मामा म्हणाले. त्यांची नजर माझ्या हातातल्या चहावर होती.

दिवसाचा पहिला चहा होता तो. दिला. मामांनी लांब दांड्याचा पोछा त्यात बुडवून छतावर उंट काढला. कुबड अगदीच चपटं झालं. मला राहवेना. पोछा हिसकावून मी चांगलं कुबड काढायला गेले, ते शेजारी बसलं.

बाई दिवे मोजत आल्या. "दहा. अकरा. थांबवा."

मामांनी ट्रॉली थांबवली. बाई उठून बसल्या आणि मी आधी सलाइनचा स्टँड धरला.

"काल याला एकच कुबड होतं. आणि चहाचा वास कसला येतोय?"

मामा एकदम ट्रॉलीचं चाक तपासायला वाकले. म्हणून मीच म्हटलं, "बाई, छताला काल रंग दिला. हा उंट आम्ही आत्ता काढलाय. दुसरं कुबड माझं."

बाईंनी उंटाकडे पाहिलं, मग आमच्या दोघांच्या शिंतोडे उडालेल्या कपड्यांकडे. त्या हसायला लागल्या आणि ट्रॉली कुरकुरायला लागली.

"चित्रकलेत दोघंही नापास," डोळे पुसत त्या म्हणाल्या आणि स्वतःहून आडव्या झाल्या. "चला, दार आलं."

दार लागता लागता आतून आवाज आला. डॉक्टर नाव विचारत होते, आणि बाई त्यांना सांगत होत्या, "तुम्हाला ठाऊक आहे, हे मला ठाऊक आहे."