देवाचा दहावा वाटा

आमचे मामंजी, म्हणजे माझे सासरे, जनवाड्याच्या पलीकडल्या एका खेड्यात ख्रिस्ती मंडळीचे पाळक होते. तिथलं आमचं देऊळ म्हणजे काय, एक कौलारू खोली, शेणानं सारवलेली, अन् घंटेच्या जागी लोखंडाचा एक तुकडा टांगलेला. पण मामंजी उभे राहिले की बीदरच्या मोठ्या देवळात उभे असल्यासारखे बोलायचे. अन् उपदेश तरी कोणता? सुगी जवळ आली की एकच. घरात जे जे येतं, त्यातलं दहावं देवाचं. ज्वारी आली, दहावी पायली देवाची. कोंबडी अंड्यावर आली, दहावं अंडं देवाचं. मी उदगीरकडची, नवी सून, तोंडाची फटकळ. पदराआड मला हसू यायचं.

वस्तीतली माणसं दुसऱ्याच्या रानात राबणारी. त्यांच्या घरात येणार ते काय अन् त्यातलं दहावं काढणार ते काय! पण काढायची, आणि मोठ्या हौसेनं काढायची. एकजण मांजरेतनं मासे धरून आणायचा. त्यानं सुगीच्या सणाला सगळ्यात बारका मासा आणून ठेवला. मामंजींनी डोळे वटारले तर म्हणाला, जाळ्यातनं दहावा हाच निघाला, त्याला मी काय करू. वस्ती त्यावर कितीतरी दिवस हसत होती.

हे आधी सांगून टाकते, कारण पुढं जे झालं ते ह्याच भोळेपणातनं झालं. वाईटपणातनं झालं असतं तर शिव्या देऊन मी मोकळी झाले असते. भोळ्या माणसाला शिवी देता येत नाही, म्हणून ते गळ्यात अडकून बसलंय.

निजामाचं राज्य गेलं त्या सालची गोष्ट. भाद्रपदात फौजा आल्या. आधी रझाकारांनी माणसं छळली होती, ते तर पळून गेले, आणि लोकांचा राग निघाला तो जे घरी बसले होते त्यांच्यावर. आमच्या वस्तीच्या कडेला एका मुसलमान शेतकऱ्याचं घर होतं. थोडं रान, एक बैलजोडी, बायको आणि एक चिमुरडी पोर. आम्ही सगळे त्यांना चाचा-चाची म्हणायचो. चाचानं कधी कुणाच्या बांधावरचं गवत कापलं नव्हतं. त्याला ओढ्याकाठी नेऊन मारलं. कुणी मारलं ते गावात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणालाच माहीत नव्हतं.

चाची पोरीला घेऊन आमच्या परसातनं आत आली. सासूबाईंनी तिला कडब्याच्या गंजीमागं बसवलं आणि दारात येऊन स्वतः सूप घेऊन पाखडत बसल्या. माणसं आली, विचारून गेली. सासूबाईंनी मान वर केली नाही. नंतर गाव थंडावलं तशी चाची आमच्या घरात राहायला लागली. माझ्याबरोबर दळायची, पाणी आणायची. तिच्या घराकडं मात्र बघायची नाही. बघण्यासारखं काही उरलंही नव्हतं. भांडी, रजया, उखळ, दारं, चौकटीसुद्धा नेल्या होत्या. नुसत्या भिंती आणि त्यात भोकं. शेळ्या एका भोकातनं शिरायच्या, दुसऱ्यातनं निघायच्या. मी पाण्याला जाताना तिकडं पाठ करून जायची, आणि पाठीला कळायचं की ते घर बघायलंय.

लूट गावानं केली, असं आम्ही धरून चाललो होतो. गावानं, म्हणजे मोठ्या घरांनी. बैलजोडी कुणाच्या गोठ्यात बांधलीय ते आम्हाला दिसत होतं. आमची वस्ती देवाची, असं सासूबाई म्हणायच्या, आणि मलाही तेच बरं वाटायचं.

चाचाचं रान मात्र उभं होतं. मरायच्या आधी त्यानं पेरलेली पिवळी ज्वारी कमरेच्या वर गेली, पोटऱ्यात आली, कणसं भरली. ओढ्याकडच्या त्या रानात पाऊल टाकायला गावातलं कुणी तयार होईना. आमच्या वस्तीनं काढणी केली. मजुरी न घेता केली, हे मी मुद्दाम सांगते. मीही विळा घेऊन गेले होते. एरवी काढणीला बायका गातात, चेष्टा करतात. त्या रानात कुणी तोंड उघडलं नाही. कणीस खुडल्याचा आवाज तेवढा येत होता. पाखरंसुद्धा बसत नव्हती, किंवा मला तसं वाटत होतं.

चाचीचा भाऊ कलबुर्ग्याहून गाडी घेऊन न्यायला आला. चाची गेली की रान गेलं, आणि ती पोर भावजयीच्या दारात तुकड्याला महाग होणार, हे सासूबाईंना दिसत होतं. त्यांनी चाचीला समोर बसवलं. ह्या सुगीच्या सणाला आमच्याबरोबर देवळात बस, तुझ्या रानची पेंढी तुझ्या हातानं ठेव, म्हणाल्या. गाव बघंल, वस्ती बघंल, मग तुझ्या केसाला धक्का लावायची कुणाची छाती हाय? चाचीनं पुष्कळ विचार केला. भावाला म्हणाली, थांब, सण होऊ दे, मग सांगते. त्यामुळं तो सण आमच्या घराला त्या साली परीक्षेसारखा झाला. ती राहते की जाते, ते त्या दिवशी ठरणार होतं.

सणाच्या सकाळी मी आणि सासूबाईंनी देवळाच्या दाराला कडब्याची ताटं बांधली, कणसांचं तोरण लावलं. माणसं टोपल्या घेऊन यायला लागली. काशीफळ, वाळकं, तुरीच्या शेंगा, अंबाडी, एक कोंबडा पाय बांधलेला. मी सगळं मेजासमोर लावून ठेवत होते. मग एका बाईनं टोपली उलटी केली, आणि त्यातनं एक पानदान निघालं. दुसरीनं तोटीचा बधना आणला, मुसलमानांच्या घरी असतो तो. तिसरीनं रजई आणली, धुऊन, घडी घालून.

मी हातातलं काशीफळ घेऊन तशीच उभी राहिले. सासूबाईंकडं बघितलं. त्यांच्या तोंडाचा रंग उडाला होता.

देवळामागच्या परसात तेवढ्यात गलका झाला. वस्तीतल्या एका बाप्यानं, घर शाकारणारा होता तो, एक भली मोठी तांब्याची देग आणली होती आणि बायकांनी आनंदानं ती चुलवणावर चढवली होती. दरसाली सणाच्या गव्हाच्या हुग्गीला आमची भांडी पुरायची नाहीत. हुग्गी म्हणजे गहू-गुळाची खीर, तिच्यावाचून आमच्याकडं सण होत नाही. आता एकाच भांड्यात सगळ्यांची व्हायची. गहू आत पडलेही होते.

मामंजींनी त्याला कोपऱ्यात घेतलं. हे कुठनं आणलंस म्हणून विचारलं. तो माणूस घाबरला नाही, लपवलंही नाही. त्याच्या तोंडावर उलट समाधान होतं.

“मालक तर गेला, गुरुजी. माझ्या घरात जे आलं त्यातलं देवाचं काढून आणलंय. सगळ्यात चांगलं तेच आणलं. तुम्हीच शिकविलाव की.”

मामंजी आयुष्यभर बोलत आले होते. त्या दिवशी ते त्या माणसाचा दंड सोडून मागं सरले. मला त्यांची कीव आली आणि संतापही आला, दोन्ही एकदम. ह्यांनी दहावं शिकवलं, उरलेले नऊ कुठनं आले ते विचारायला शिकवलंच नाही! आज सण नाही, सगळ्यांनी घरी जा, असं ते सांगायला निघाले, मी स्वतः बघितलं, दोन पावलं टाकलीही. तेवढ्यात चाची दारात आली. डोईवरनं ओढणी, एका हातात पोर, दुसऱ्या हातात ज्वारीची पेंढी.

आमच्यात रीत होती, प्रत्येकानं आपलं देणं ठेवायचं आणि कशाबद्दल उपकार मानतो ते एका वाक्यात सांगायचं. चाचीची पाळी आली. तिनं पेंढी खाली ठेवली, आणि वाकलेलीच राहिली. पानदान तिच्या हाताजवळ होतं. पोर बोट दाखवून काहीतरी बोलायला गेली, तिनं पोरीचं बोट आपल्या मुठीत धरलं. मग ती सरळ झाली आणि म्हणाली, ह्या घरानं मला आणि माझ्या पोरीला भाकर दिली, त्याचा शुक्र आहे. एवढंच बोलली आणि बायकांत येऊन माझ्याशेजारी बसली. तिचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता. गार होता.

प्रार्थना संपल्यावर ती परसात गेली. देग तिच्या लग्नातली होती, तिच्या बापानं दिलेली. तिनं नुसता काठाला हात लावला, इतकी तापलेली असून लावला. सासूबाई धावल्या. आत्ताच्या आत्ता हुग्गी ओतून देते, तुझी देग घेऊन जा पोरी, म्हणायला लागल्या. चाचीनं डोकं हलवलं. पकने दो अम्मा, लोगां भुके हैं, म्हणाली आणि कुणाच्या तरी हातातला मोठा पळा काढून घेतला.

सगळ्या वस्तीला तिनं वाढलं. ताटल्या घेऊन माणसं रांगेनं आली आणि ती एकेकाला विचारत होती. तुझ्या म्हातारीचा पाय कसाय? तुझी गाय व्याली का? ज्यांच्या घरी तिचं काही नव्हतं ते तिच्याकडं बघून बोलत होते. बाकीचे ताटलीकडं बघत होते. कोण कोण ते असं सगळ्यांसमोर कळत गेलं, कुणी बोट न दाखवता. शाकारणारा बाप्या ताटली घेऊन आला. त्याला तिनं दोन पळे वाढले. त्यानं कोपऱ्यात जाऊन ताटली खाली ठेवली, अन् खाल्लं नाही. मी खाल्लं. गोड होतं.

जेवणं झाली तशी तिनं देग राखेनं घासली, धुतली, देवळाच्या भिंतीला पालथी घातली. हात पुसले आणि सासूबाईंच्या पाया पडली. जाते म्हणाली.

सासूबाई रडायलाच लागल्या. कामून जायलीस गं? कुणाकुणाकडं काय हाय ते आता कळलंय, घरोघर फिरून एकेक चीज मी आणून देते, बघ तू. मी पण हात जोडले.

चाची म्हणाली, “सामान तो मिल जाता अम्मा. पन मेरे कू देख को जिनकू शरम आती, वो लोगां मेरे कू कित्ते दिन रहने देते?”

ती चिडून बोलली असती तर आम्ही समजूत घातली असती. ती अगदी हिशेबानं बोलली, स्वतःच्या पोरीचा जीव तोलून. भावाची गाडी दिवस असतानाच गेली. देग तिनं नेली नाही.

त्यानंतर आमच्या ओसरीवर वस्तू यायला लागल्या. सकाळी दार उघडावं तर उंबऱ्यापाशी परात. कधी तवा, कधी जात्याची तळी, कधी पोरीचं झबलं. कोण ठेवून जायचं ते दिसायचं नाही. पुढं पुढं आमच्या वस्तीतलीच नाही, वरच्या आळीतली भांडीसुद्धा आली. सासूबाई प्रत्येक वस्तू घासूनपुसून ठेवायच्या. आतली खोली भरली. त्या खोलीत तिचा सगळा संसार मांडलेला, जिथल्या तिथं, आणि मला तिथनं दाणे काढायला जायची भीती वाटायची. वाटायचं, आता ती पाठ फिरवून चुलीशी बसलेली दिसेल. सासूबाईंनी कलबुर्ग्याला येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर निरोपावर निरोप धाडले. एकानं येऊन सांगितलं, ते घर बंद हाय, माणसं कुठं गेली शेजाऱ्यांनाही ठावं न्हाई.

तो शाकारणारा बाप्या सगळ्यात शेवटी आला, भर दुपारी, सगळ्यांच्या देखत. पाठीवर तिच्या घराचं दार घेऊन. घामानं निथळत होता. ओसरीसमोर उभा राहिला आणि विचारलं, चाची आली का?

सासूबाई म्हणाल्या, न्हाई. ती कुठं हाय तेच कळंना.

“मग ह्ये कुणाला देऊ?”

मामंजी आतनं येऊन उंबऱ्यात थांबले. मी म्हटलं, भिंतीला टेकवा दादा, उतरवा ते ओझं. त्यानं माझ्याकडं बघितलं, नाही म्हणून मान हलवली, आणि दार तसंच पाठीवर घेऊन उन्हात उभा राहिला.