हेल्वीच्या हातची थप्पी

ओइवा ओली लाकडं जाळतो ही गोष्ट गावात पसरली तेव्हा कोणाचा विश्वास बसेना. दुसऱ्या कोणाबद्दल ऐकलं असतं तर सोडून दिलं असतं, पण ओइवा? या माणसाचा उभा जन्म जंगलात झाडं पाडण्यात गेला. बर्चच्या झाडाचा ओंडका नुसता हातात घेऊन तो पाणथळीतला की टेकाडावरचा, हे सांगायचा. तो माणूस शरदात पाडलेलं झाड नाताळात चुलीत घालतो म्हणजे काय? आमच्याकडे माणूस दारू पितो, भावाशी वीस वीस वर्षं अबोला धरतो, तेही खपून जातं. ओलं लाकूड जाळणं मात्र खपत नाही.

पण गोष्ट खरी होती. जानेवारीत त्याच्या धुराड्यानेच पेट घेतला आणि सगळं उघडकीला आलं. घर वाचलं, नशीब. दुसऱ्या दिवशी धुराडी साफ करणारा आला, आत डोकावला आणि खाली उतरून हात पुसत म्हणाला, "ओइवा, हे धुराडं आहे की डांबराचं पिंप? ओल्या लाकडाचा धूर आत साचतो आणि पेटतो, हे तुला मी सांगू? अरे, तू असलं करावंस?"

"वय झालं," ओइवा म्हणाला. "लाकूड कळेनासं झालंय."

धडधडीत थाप. लाकूड त्याला चांगलं कळत होतं. चुलीत घातलेल्या लाकडाच्या फोडीच्या टोकांना फेस यायचा, ती फसफसत राहायची, खोली तापायच्या आधी चुलीच्या दाराची काच काळी पडायची. हे सगळं तो रोज खुर्चीत बसून बघायचा, अंगात दोन स्वेटर घालून. आणि स्वयंपाकघराच्या भिंतीला बाहेरून लागून बर्चची कोरडी ठणठणीत थप्पी उभी होती, पार छपराच्या कडेपर्यंत. तिला त्याने तीन हिवाळे हात लावला नव्हता.

थप्पी हेल्वीची होती, त्याच्या बायकोची. त्या घरात फोडायचा ओइवा आणि रचायची हेल्वी. तिचं रचणं बघायला लोक कुंपणाशी थांबायचे. प्रत्येक फोड ठेवली की तळहाताने थापटून आत सारायची, कोपऱ्यांना आडव्याउभ्या फोडींची वीण घालायची आणि शेवटच्या थराला साल वर. वाऱ्यापावसात तिची थप्पी कधी कलली नाही. ओइवा मदतीला गेला की म्हणायची, "तू नको. तुझ्या हाताला नुसतं मोडता येतं." ती शेवटची थप्पी तिने मे महिन्यात पुरी केली. जूनमध्ये ती गेली. दुखणंबिखणं काही नाही, बटाटे लावता लावता वाफ्यातच बसली आणि उठली नाही.

पहिल्या हिवाळ्यात ओइवा टोपली घेऊन थप्पीपाशी गेला होता. वरची फोड उचलणार, तर हात उचलेना. पुढच्या आठवड्यात घेऊ, म्हणाला. मग परसातलं एक झाड पाडलं, फोडलं आणि तेच जाळलं. मग तीच सवय झाली. हे कोणाला सांगायचं? सांगितलं असतं तर लोक हसले नसते, उलट गप्प झाले असते, आणि ते त्याला जास्त नको होतं. त्यापेक्षा म्हातारा चळला म्हटलेलं परवडलं.

आग लागल्याचं कळताच त्याचा मुलगा यार्मो टाम्पेरे शहरातून आला. जळका वास घरात होताच. तो म्हणाला, "बाबा, बास झालं आता. हीट पंप बसवू, विजेवर घर तापेल. तुला लाकूडबिकूड बघायलाच नको."

यार्मोला वाटलं होतं, म्हातारा भांडेल. ओइवा लगेच हो म्हणाला. यार्मो जरा चक्रावलाच. ओइवाचा हिशेब वेगळा होता. पंप आला की चूल बंद. चूल बंद म्हणजे थप्पीकडे कोणी बघणार नाही, ती तिथेच राहील, आपण असेपर्यंत. पुढचा सगळा उन्हाळा तो बऱ्यापैकी खुशीत होता.

ऑक्टोबरात पंप घेऊन मेर्वी आली. नुर्मेस गावची बाई, पन्नाशीची, गाडीभर हत्यारं आणि तोंडाने फटकळ. यार्मोही त्या दिवशी मुद्दाम आला होता. मेर्वीने घराला एक फेरी मारली, छपराकडे बघितलं आणि स्वयंपाकघराच्या भिंतीपाशी येऊन थांबली.

"पंपाचा बाहेरचा डबा इथे," ती म्हणाली. "ही लाकडं हलवा."

"दुसऱ्या भिंतीला लाव की," ओइवा म्हणाला.

"कुठे लावू? पुढच्या-मागच्या भिंतीला लावला तर छपरावरचा बर्फ घसरून डब्यावर पडणार, महिन्यात चेंदामेंदा. उत्तरेला तुमची झोपायची खोली. रात्रभर कानाशी घरघर चालेल? ही एकच भिंत चांगली आहे. लाकडं रचणाऱ्यालाही ते कळलं होतं, नाहीतर इथे रचली नसती."

"रचणारीला," ओइवा म्हणाला. पण ते इतकं हळू की कोणी ऐकलं नाही.

यार्मोने हातमोजे चढवले. "त्यात काय, तासाभराचं काम," असं म्हणत त्याने वरच्या थरातून दोन फोडी ओढल्या आणि जंगलवाल्याच्या मुलाला सवय असते तशा एकमेकींवर आपटल्या. खण्ण वाजल्या. यार्मो थांबला. पुन्हा आपटल्या. पुन्हा तसाच आवाज.

"बाबा, ही तर कोरडी आहेत."

ओइवा पुढे येऊन थप्पीला टेकून उभा राहिला.

"हे दाराशी असताना तू ओलं जाळत होतास? घर पेटलं असतं. तू आत होतास."

"ठेव ती जागेवर," ओइवा म्हणाला. "आईने रचलंय."

यार्मोने फोडी होत्या तिथे ठेवल्या. नीट बसेनात, तरी दोनतीनदा सारख्या केल्या. मग तो गाडीकडे गेला आणि उगाचच डिकी उघडून उभा राहिला. पाठ इकडे होती, म्हणून तोंड कोणाला दिसलं नाही.

मेर्वीने हत्यारांची पेटी बंद केली. "कॉफी आहे का?" तिने विचारलं.

आत टेबलाशी बसून ती दोन कप प्याली. ओइवाचा कप तसाच निवत गेला. शेवटी तीच म्हणाली, "उत्तरेला लावते. आवाज येईल, वाऱ्यात सारखा गोठेल, वीज जास्त खाईल. पण लागेल. तुमचं घर आहे."

ओइवा खिडकीतून बघत होता. तिथून थप्पीची कड दिसायची, साल वर असलेली. यार्मो अजून गाडीपाशी उभा होता, टोपी न घालता. पोरगा दोनशे कोसांवरून येतो आणि आपण त्याला आपल्याच जळक्या घराच्या बातम्या ऐकवतो, असं ओइवाला वाटलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तिथेच लाव," तो म्हणाला. "मी काढतो. मी काढेन, तुम्ही नका."

वरून एकेक थर तो उतरवत गेला. यार्मो फोडी झेलून परसातल्या सॉनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, ओसरीत नेत होता. तिथे दोघांनी मिळून त्या पुन्हा रचायला घेतल्या. कंबरेपर्यंत गेल्या आणि कोसळल्या. पुन्हा रचल्या, पुन्हा कोसळल्या. भिंतीला भोक पाडता पाडता मेर्वी ओरडली, "रचताय की पाडताय?" यार्मो हसला. ओइवालाही जरा हसू आलं. तिसऱ्यांदा कोपऱ्याची वीण कशी घालायची यावर दोघं विचार करत उभे राहिले. इतकी वर्षं दोघांनी ते बघितलं होतं आणि दोघांनाही येत नव्हतं. मग त्यांनी सगळं तसंच ढिगाऱ्यात टाकून दिलं.

पंप सुरू झाला. मेर्वी गेली, अंधाराच्या आत निघायचं म्हणून यार्मोही गेला. जाताना बापाच्या खांद्यावर त्याने हात ठेवला. घर छान तापलं. स्वेटर उतरले. ओइवा सकाळी उठायचा तेव्हा खोली आधीच उबदार असायची. राख काढायची नाही, टोपली भरायची नाही, फुंकर घालायची नाही. कॉफी पिऊन झाली की तो हात मांडीवर ठेवून बसायचा. त्या हातांचं काय करायचं हे त्याला कळत नव्हतं. खिडकीतून जिथे थप्पीची कड दिसायची तिथे आता करडा डबा दिसत होता.

तिसऱ्या शनिवारी तो ओसरीतल्या ढिगाऱ्यापाशी गेला. हेल्वी गेल्यापासून सॉना बंदच होता, एकट्याने कसला सॉना. ढीग म्हणजे ढीग. त्यात आता तिचं काही राहिलं नव्हतं. त्याने टोपली भरली, सॉनातली चूल लावली. एका काडीत पेटली. फेस नाही, फसफस नाही, धूरसुद्धा नाममात्र. चुलीवरचे दगड तापत गेले. ओइवा दाराशी बसून त्या जाळाकडे बघत राहिला आणि रडला. भरपूर रडला, तीन वर्षांचं एकदम.

मग दगडांवर पाण्याचा हबका मारून बघितला. चांगले तापले होते. तो ओसरीत आला आणि घराकडे तोंड करून, पूर्वी दर शनिवारी मारायचा तशी हाक मारली, "तापलंय गं."

स्वयंपाकघराच्या खिडकीत दिवा होता. भिंतीशी पंप घरघरत होता. हेल्वी पहिल्या हाकेला कधीच येत नसे, म्हणून त्याने पुन्हा एकदा हाक मारली.