जॉर्जिनाच्या तिसऱ्या ओळी

कॅनडातल्या केंब्रिजच्या मोटार कारखान्यातून रिटायर झाल्यावर, २०१७च्या विंटरमध्ये, वसईच्या ॲम्ब्रोज लोपीसने कम्युनिटी सेंटरात ब्लूज गाण्यांचा क्लास लावला. शिकवणाऱ्या हेझलबाईंचे पणजोबा मिसिसिपीत कापूस वेचायचे. त्या म्हणाल्या, "शेतात राबणाऱ्या आमच्या काळ्या माणसांची ही गाणी. एक दुःख सांगायचं, तेच पुन्हा सांगायचं आणि तिसऱ्या ओळीत त्याचा निकाल लावायचा. मधल्या जागेत गिटारने हुंकार द्यायचा. आता आपापलं दुःख घेऊन या."

घरी येऊन ॲम्ब्रोज सोफ्यावर बसला. मेलं दुःखच सापडेना!

तेवढ्यात बायको जॉर्जिना किचनमधून कडाडली, "ड्राइव्हवेतला बर्फ कोण शोव्हल करणार?"

"हूं," ॲम्ब्रोज सवयीने म्हणाला.

"मी विचारते, ड्राइव्हवेतला बर्फ कोण शोव्हल करणार?"

"हूं."

"बस तसाच, एप्रिलमध्ये आपोआप वितळेल!"

ॲम्ब्रोज ताडकन उठला. लग्न झाल्यापासून घरात ब्लूजच चालू होता, आणि हा बिनगिटारीची साथ देत बसला होता!

क्लासच्या कार्यक्रमात त्याने तिलाच गायला उभं केलं. ठेवणीतला ड्रेस घातलेली जॉर्जिना माइकपुढे लाजून म्हणाली, "माय हजबंड इज अ व्हेरी गुड मॅन." तेच पुन्हा म्हणाली आणि तिसऱ्या ओळीला "थँक यू" म्हणून खाली उतरली. हेझलबाईंनी कपाळाला हात लावला.

परतताना गाडीचं दार लागतंय न लागतंय तोच जॉर्जिनाने तोंड उघडलं, "चार लोकांत माझी शोभा केलीस!"

काय सूर लागला होता! ॲम्ब्रोजची बोटं शिवशिवली; पण गिटार होती डिकीत.

"चार लोकांत माझी शोभा केलीस!"

"हूं," ॲम्ब्रोज म्हणाला.