अक्काचं दाखला दल

आंदोलनात मागण्या मान्य व्हायला वर्षं लागतात, किस्से मात्र रोज तयार होतात! आमच्या दाखला संघर्ष दलाची मान्य झालेल्या मागण्यांची फाईल अजून पातळच आहे. किस्से सांगायला बसलो, तर चहा तीनदा गरम करावा लागतो.

आमचं ऑफिस म्हणजे बीडमधलं इस्माईलभाईचं मोटारसायकलचं गॅरेज. अध्यक्ष रुक्मिणअक्का. साठीची बाई, निम्मं आयुष्य परमुलखात ऊस तोडण्यात गेलं. दलाचं म्हणणं दोनच ओळींचं. राखीव जागा ज्यांच्यासाठी आहेत, त्यांच्या हातात जातीचा दाखला द्या. आणि पोटासाठी इथून बाहेर गेलेल्याला, तसंच बाहेरून इथं आलेल्याला, माणसासारखं वागवा.

पोलिसांच्या कागदात आमची नोंद ‘आक्रमक संघटना’ अशी आहे. मी ते अक्काला वाचून दाखवलं.

"आक्रमक म्हंजी काय हो?"

"अंगावर धावून जाणारी."

"मंग बरोबर लिवलंय!"

* * *

मी स्वतः तहसिलीतला माणूस. अव्वल कारकून म्हणून रिटायर झालो. आठव्या दिवशी सकाळी अक्का दारात उभी! तिनं माझ्या टेबलासमोर मुर्दाबादच्या घोषणा दिलेल्या, त्यामुळे बायकोला वाटलं, आता घरावर मोर्चा आला.

अक्का ओट्यावर बसली, पाणी प्याली आणि म्हणाली, "भाऊसाहेब, तीस वर्सं आमच्या अर्जात त्रुटी काढल्या ना? आता चला, अन् त्या भरा!"

नाही म्हणायला तोंड होतं कुठं?

गॅरेजमधल्या पहिल्या दिवशी एका बाईचा अर्ज हातात आला. मी चष्मा लावला, वाचला, खिशातलं लाल पेन काढलं आणि समासात लिहिलं, ‘त्रुटी. जोडपत्र नाही.’ सवय!

सगळे माझ्याकडे बघायला लागले. इस्माईलभाईनं माझ्या बोटांतून पेन काढून घेतलं. आजही तो ट्यूबमधल्या पंक्चरवर त्याच पेनानं गोल करतो.

* * *

पहिला घेराव आम्ही एका तहसिलीत घातला. कोणत्या ते सांगत नाही, अजून तिथं कामं पडतात.

साठ-सत्तर माणसं घोषणा देत जिना चढली. शिपाई म्हणाला, "साहेब मीटिंगला," पण त्या घोषणांत ऐकतो कोण! अक्कानं केबिनचं दार ढकललं. खुर्चीत चष्मेवाला एक माणूस बसलेला. आम्ही चारी बाजूंनी वेढा दिला. अक्कानं टेबलावर हात आपटून वीस मिनिटं भाषण केलं. माणूस घामानं निथळला. मान मात्र हलवत होता. अक्का म्हणाली, "सही करा!" त्यानं निवेदनावर ‘मिळाले’ असं लिहून सही केली.

मी मागून कसाबसा आत पोचलो. खुर्चीकडे बघितलं आणि म्हणालो, "अक्का, हे साहेब नाहीत."

"मंग कोन हाय बे तू?"

"मी कूलर दुरुस्त करायला आलतो, मावशी."

"मंग खुर्चीत कावून बसलास?"

"पंखा तिच्याच डोक्यावर हाय."

अक्का भडकली. "मंग वीस मिन्टं मुंडी कावून हलवत होतास?"

तो म्हणाला, "तुमचं पटत होतं की!"

* * *

जिनिंगमध्ये कामाला बिहारकडची माणसं येतात. गाठी बांधायचं काम, नाकातोंडात कापूस. त्यांचं रेशन इथं मिळावं म्हणून आम्ही मोर्चा काढला. त्यांच्यात रामबाबू नावाचा एक उंच गडी. त्याला मराठीचं अक्षर येत नव्हतं, पण पुढं राहायची हौस दांडगी.

इस्माईलभाईनं त्याला शिकवलं. "देखो मियाँ, अक्का कुछ भी बोली, तुमना इत्ताच बोलना. झालाच पाहिजे!"

रामबाबूनं रात्रभर नाही, पण दुपारभर पाठ केलं. मोर्चात त्याचा आवाज सगळ्यांत वर. पुरवठा अधिकारी बाहेर आले. निवेदन घेतलं. "महिन्याभरात बघतो" म्हणाले. माणूस सभ्य होता. रामबाबूचा सुकलेला चेहरा बघून त्यांनी हिंदीत विचारलं, "पानी पियोगे?"

रामबाबूनं मूठ वर केली. "झालाच पाहिजे!"

* * *

एकदा माजलगावकडची दहा-बारा पोरं गॅरेजवर आली. कोणीतरी सांगितलं होतं की निवेदन लिहावं तर भाऊसाहेबांनी. मला वाटलं, आपलेच. कागद पुढं ओढला. त्यांचा म्होरक्या सांगायला लागला, "लिहा, काका. विषय, बाहेरच्या कामगारांना जिल्ह्यातून हाकलून देणेबाबत."

माझं पेन थांबलं. इस्माईलभाईचा पाना थांबला. अक्का कोपऱ्यात पोत्यावर बसून भाकर खात होती. तिनं घास गिळला आणि त्या पोराला जवळ बोलावलं.

"तुजा बाप काय करतो, लेकरा?"

"तोडीला गेलाय."

"कुठं?"

"कर्नाटकात."

"तितले लोक त्याला काय म्हनतात?"

मागचं एक पोरगं हळूच म्हणालं, "बाहेरचा."

अक्का म्हणाली, "मी तितं लई सीझन काढले. त्यांची भाषा मला कळत नव्हती. शिवी तेवडी कळायची."

पोरं उठून गेली. कोणी वाद घातला नाही, कोणी माफीही मागितली नाही. दहा मिनिटांनी म्होरक्या एकटाच परत आला. चार्जिंगला लावलेला मोबाईल विसरला होता. तो काढून घेतला, दारापर्यंत गेला आणि पाठमोराच म्हणाला, "अक्का, तुमचा मोर्चा कवा हाय?"

* * *

रास्ता रोको केला की पोलीस आम्हाला गाडीत घालतात, दुपारभर ठाण्यात बसवतात आणि सोडून देतात. त्यातला हा एक दिवस.

आम्हाला उचलून आणणारा हवालदार मोठा कडक. रस्त्यावर त्यानं इस्माईलभाईची कॉलर धरली होती. ठाण्यात आल्यावर मात्र तो माझ्याभोवती घोटाळायला लागला. एकदा पाणी आणलं, एकदा पंखा वाढवला. शेवटी कानाशी येऊन म्हणाला, "भाऊसाहेब, पोरीची जात पडताळणी सहा महिने झाले अडकलीय. जरा बघता का?"

कपाटातून त्यानं पिशवी काढली. मी बाकावर कागद पसरले. वंशावळ चुकली होती, चुलत आजोबा सख्ख्याच्या जागी. नवीन लिहायला घेतली. हवालदार टोपी काढून खाली उकिडवा बसला आणि एकेक नाव आठवून सांगायला लागला. इस्माईलभाई कागद उडू नयेत म्हणून वर हात ठेवून!

तेवढ्यात मोठे साहेब आत आले. हे दृश्य बघून दारातच थबकले. "काय चाललंय? जबाब घेतले का यांचे?"

हवालदार धडपडून उठायला लागला. अक्कानं त्याला खांद्याला धरून खाली बसवलं.

"जरा दम धरा, सायेब. आदी यांचं व्हायलंय. मंग आमाला अटक करा!"

* * *

लिंबागणेशकडून दगडूबाबा आला होता. फिरस्त्या समाजातला, जडीबुटी विकून जगलेला म्हातारा. नातीचा नर्सिंगला नंबर लागला होता राखीव जागेवर. कॉलेजात दाखला द्यायला चार दिवस उरले होते. सरकारी ऑफिस म्हणत होतं, जुन्या पिढीची जातीची नोंद आणा. शाळेची नाहीतर जमिनीची.

बाबा म्हणाला, "शाळा न्हाई, जमीन न्हाई. गावात आमाला ऱ्हाऊ दिलं कुनी, की नोंद होईल?"

मला एक आठवलं. ही माणसं गावाबाहेर पालं टाकून उतरली की पोलीस पाटील त्यांची नावं लिहून घ्यायचा. बाबाच्या फिरतीतली गावं आम्ही पालथी घातली. तिसऱ्या दिवशी कपिलधारच्या वाटेवरच्या एका गावात, जुन्या पोलीस पाटलाच्या नातवाकडे, माळ्यावर पत्र्याची पेटी निघाली. आत वही. निजामाच्या काळातली, उर्दूत! तीस वर्षं महसुलात काढलेला मी आणि मला एक अक्षर लागेना.

इस्माईलभाईनं हात पुसले आणि वही मांडीवर घेतली. बोट फिरवत फिरवत एका पानावर थांबला. बाबाच्या आज्याचं नाव वाचलं. त्याच्या बापाचं वाचलं. जात वाचली. आणि वही मिटायला लागला.

"आगे क्या हाय?" बाबानं विचारलं.

"कुछ नै, बाबा. इत्ताच बस हाय."

"वाचा," अक्का म्हणाली.

इस्माईलभाईनं खाली मान घालून वाचलं. सदर इसम पालासह उतरला. कोंबडी चोरल्याच्या संशयावरून दोन दिवस चावडीवर बसवून ठेवला.

बाबानं वही मागून घेतली. त्याला वाचता येत नव्हतं, तरी त्या ओळीवरून हात फिरवला.

"हे माज्या आज्याचं नाव?"

"हो."

"जात लिवलीय? शिक्का हाय?"

"दोन्ही आहे, बाबा."

म्हातारा बोळक्या तोंडानं हसला. "मंग कोंबडी आज्यानंच नेली म्हना!"

सगळे हसले. मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. पोरगी आता नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

* * *

आणि आता शाळेचा किस्सा.

जिनिंगवरच्या माणसांची पाच पोरं. शेजारच्याच शाळेत पहिलीत घालायची होती. हेडमास्तर तयार होईनात. "टीसी नाही. आधारवर पत्ता बिहारचा. सीझन संपला की निघून जाणार. पटावर घेऊन मी काय करू?" मी एक जीआर दाखवला. त्यांनी दुसरा दाखवला. तास गेला त्यात.

अक्का उठली, पाची पोरांना घेऊन सरळ पहिलीच्या वर्गात शिरली आणि बसकरपट्टीवर मांडी घालून बसली. "आता काडून दाखवा भाईर!"

वर्गावरची बाई नवीन, विशीतली पोरगी. ती बिचारी घाबरून फळ्याला टेकली. अक्का तिला म्हणाली, "तुमी शिकवा, बाई. आमी काय करत न्हाई."

असे तीन दिवस. शाळा भरली की अक्का आत, सुटली की बाहेर. आम्ही फाटकापाशी बसून घोषणा द्यायचो. जिनिंगवरची माणसं आपल्या पाळ्या सांभाळून येऊन बसायची.

पहिल्या दिवशी अक्काचं सगळं लक्ष दाराकडे, कोण हाकलायला येतंय का ते बघायला. दुपारी बाईनं तिला सहज विचारलं, "अक्का, तुम्ही कितवीपर्यंत?"

"पयलीत तीनदा नाव घातलं. दिवाळी झाली की आई-बापामागं तोडीला, अन् माघारी आलं की नाव कटलेलं. चौथ्यांदा मीच गेले न्हाई."

आमच्या प्रत्येक निवेदनावर पहिला अंगठा अक्काचाच असतो. हे बाईला ठाऊक नव्हतं. तिनं पोरांना पाट्या वाटल्या, तेव्हा एक अक्कापुढंही ठेवली. वर मोठ्या अक्षरांत तिचं नाव काढून दिलं. रुक्मिणी. अक्कानं पाटी बाजूला सरकवली. थोड्या वेळानं परत जवळ ओढली.

दुसऱ्या दिवशी इस्माईलभाई खिडकीतून काही विचारायला गेला, तर अक्का त्याच्यावरच खेकसली, "दिसत न्हाई का, तास चालू हाय!"

तिसऱ्या दिवशी दुपारी शिक्षण विस्तार अधिकारी आले. त्यांनी हेडमास्तरांना आत नेलं. पंधरा मिनिटांनी दोघं बाहेर आले, हातात हजेरीपट. पाचही नावं चढली होती! फाटकावर एकच गलका झाला. पोरांच्या आया रडायला लागल्या. इस्माईलभाई हार आणायला पळाला.

हेडमास्तर घाईघाईनं पहिलीच्या वर्गात गेले. मी त्यांच्या मागं. अक्का पाटीवर वाकलेली. खडू चार बोटांच्या मुठीत गच्च धरलेला, जीभ दातात.

"अक्का, झालं सगळं. तुमची मागणी मान्य. आता आंदोलन मागं घ्या, उठा."

अक्कानं मान वर केली नाही.

"उठा ना, अक्का! जिंकलात तुम्ही!"

"थांबा की वो, सर! ‘रुक्मि’ झालंय. ‘णी’ ऱ्हायलीय!"