गजाननचा घडीचा चाकू

सुनंदाचा फोन आला तेव्हा मी वाल सोलत बसले होते. "ताई, ह्यांना चहाला उठवते, तर उठत नाय," एवढंच बोलली ती. आवाज अगदी साधा, जणू मी येऊन एक हाक मारली की उठेल तो. पनवेलात त्यांचं घर माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. हातातले वाल तसेच टाकून धावले. पण माझा धाकटा भाऊ गजा काही उठला नाही... दुपारी जेवून आडवा झाला, तो तसाच गेला. महिना उलटून गेला, तरी कुणी पिशवीतून फळं काढली की मला आधी गजाचा चाकू आठवतो.

गजा द्रोणागिरीच्या एका गोदामात होता. कंटेनर आला की खोक्यांच्या पट्ट्या कापायच्या, माल उतरवून घ्यायचा. त्याचा एक दोस्त दुबईहून सुट्टीवर आला, त्यानं हा घडीचा चाकू आणला. काळी मूठ, बोटभर पातं. पात्यावरच्या बोंडीला अंगठा लावला की पातं सर्रकन बाहेर, आणि मुठीतली एक पातळ पट्टी सरकून पात्यामागे अडून बसायची. ती पट्टी अंगठ्यानं बाजूला दाबल्याशिवाय पातं मिटत नसे. "चुकून बोटावर मिटायची भीती नाय," असं तो येईल त्याला सांगायचा, नवा फ्रिज घेतल्यासारखा दाखवायचा. तक्रारीही होत्या म्हणा. खिशाला अडकवायची क्लिप भिकार, पँटा फाडते. खाडीच्या हवेनं पात्यावर डाग पडतात, म्हणून खोबरेल तेलाचं बोट फिरवत बसायचा. मासळीला मात्र लावू द्यायचा नाही. करंजाहून ताजं पापलेट आणलं तरी विळीवर कापा म्हणायचा. चाकू फळांचा, आणि फळं कापायची त्यानंच. पेरू असो की कलिंगड, आम्ही ताटल्या घेऊन भोवती बसायचं आणि साहेबांनी फोडी वाटायच्या. स्वतःला शेवटची, बियांची.

गेल्या वर्षी त्याला पॅरॅलिसिस झाला. उजवी बाजू गेली. बोलणं राहिलं, थोडं जड. नोकरी सुटली ती सुटलीच, पण त्याच्या जिवाला लागलं ते दुसऱ्याच्या हातून खाणं. सुनंदानं फोडी करून पुढे ठेवल्या की तोंड फिरवायचा. वाळत चालला. मला वाटायचं, हा आजारानं नाही, असाच जाणार... मग एक दिवस त्यानं डाव्या हातात तो चाकू घेतला. उघडणं जमलं. मिटवणं जमेना. ती पट्टी उजव्या अंगठ्याच्या सोयीनं बसवलेली, डाव्या हातात ती नेमकी उलट्या बाजूला येते. उघडा चाकू धरून नुसता बसून राहायचा.

आणि सुनंदा! "मला नाय जमत तुमचा तो चाकू, भीती वाटते," म्हणून सरळ आत निघून जायची. माझं डोकं फिरायचं. "अगं, जन्मभर विळीवर बसलीस आणि एवढ्याशा चाकूला घाबरतेस?" असं तिला तोंडावर बोलले मी. मीच मिटवायला हात पुढे केला की तो खेकसायचा, "ठेव तिथं. माझं मी बघतो."

कित्येक महिने ही खटपट चालली. डाव्या तर्जनीनं पट्टी ओढायची, पातं मांडीला टेकवून ढकलायचं. बोटांना कायम चिंध्या बांधलेल्या. मग एका संध्याकाळी मी पेरू घेऊन गेले. त्यानं पेरू मांडीत धरून कापला, जाडजूड, वेड्यावाकड्या फोडी केल्या आणि माझ्यादेखत चाकू मिटवला. खट् असा आवाज आला. मग एक फोड माझ्यापुढे सरकवली. त्या दिवसापासून तो जेवायला लागला, गॅलरीत खुर्ची टाकून बसायला लागला, गोदामाच्या गेटवर बसायचं तरी काम मिळेल का, असं विचारायला लागला.

परवा सुनंदाकडे गेले. तिनं पपई कापली, त्याच चाकूनं. बोलता बोलता, चाकूकडे न बघता, तिनं अंगठ्यानं पट्टी दाबली आणि चाकू मिटवून बाजूला ठेवला. मी बघतच राहिले.

"तुला येतं?"

"पयल्या दिवसापासून येतं, ताई." तिनं ताटली माझ्याकडे ढकलली. "मी मिटवला असता तर ते पुन्हा कशाला हातात धरणार होते?"

मी फोड हातात घेतली. मग तीच म्हणाली, "गेले त्या दुपारी जेवल्यावर पेरू कापला त्यांनी. आणि चाकू उघडाच माझ्यापुढं ठेवला. म्हणाले, आज तू मिटव. तुला येतं, मला मायती हाय."

"मग?"

"मी मिटवला, ताई." ती पदर तोंडाला लावून रडायला लागली. "नाय जमत म्हणायला पायजे होतं..."