उसामागचे दोन लाल ठिपके

परवा सकाळी वारणानगरच्या रस्त्यावर दाट धुकं होतं. अचानक समोर दोन लाल ठिपके चमकले आणि मी कचकन ब्रेक दाबला. उसाची ट्रॉली होती. माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर नात झोपलेली. काच खाली केली, ओल्या उसाचा वास आत आला आणि तीस वर्षांपूर्वीचा तो हवालदार आठवला.

तेव्हा मी ट्रॅक्टर चालवायचो. लोंबत्या शेंड्यांनी ट्रॉलीची नंबरप्लेट आणि रिफ्लेक्टर झाकले होते. कारखान्याच्या रांगेत लवकर लागायचं होतं, तेवढ्यात त्यानं अडवलं.

"पावणं, मागनं येणाऱ्याला तुमी दिसताय व्हय?"

"मी फुडं बघून चालवतोय की."

 तो माझाच कोयता घेऊन शेंडे छाटू लागला. पात्यांनी त्याची बोटं चिरली. त्यानं रुमालानं रिफ्लेक्टर पुसले आणि तोच रुमाल बोटांना गुंडाळला. मी मात्र पुढच्या वळणापर्यंत त्याला शिव्या देत गेलो.

परवाचा ट्रॅक्टरवाला पुढच्या टपरीवर चहाला थांबला होता. मी म्हटलं, "रिफ्लेक्टर झ्याक चमकत्यात की."

"मगाशी पोलिसानं अडवून पुसायला लावलं. अर्धा तास खाल्ला त्यानं," म्हणत त्यानं शिवी हासडली.

माझीच जुनी शिवी होती ती. गाडीत नात अजून झोपलेलीच होती.