यकृताचं आजोळ

नाशिकहून एसटी निघाली तेव्हा माझ्या पिशवीत काचेचा वाडगा, भिंग आणि सही न केलेला एक फॉर्म होता. धाकट्या भावाला, सुहासला, माझ्या यकृताचा निम्म्याहून जास्त भाग द्यायचा होता. घरी हो म्हणून बसले होते, पण पेन हातात घेतलं की बोटं थांबत. उरलेलं यकृत पुन्हा वाढतं, हे मी कॉलेजात वीस वर्षं शिकवते आहे. कळतं, पण वळत नाही.

भीती वाटली की चौकशा करत सुटायचं, ही माझी जुनी खोड. म्हटलं, जे द्यायचं ते मुळात आलं कुठून, तेवढं तरी बघू. अँफिऑक्सस नावाचा अर्ध्या बोटाएवढा सागरी प्राणी आहे. त्याला कणा नाही, पण कणा असलेल्यांच्या पूर्वजांचा तो भाऊबंद. त्याच्या आतड्याला एक आंधळी, म्हणजे एका टोकाला बंद, पिशवी फुटलेली असते आणि आपल्या यकृताची सुरुवात तशाच पिशवीपासून झाली असावी, असं अभ्यासक मानतात. फळ्यावर मी ती शंभरदा काढली होती, जिवंत एकदाही पाहिली नव्हती. डहाणूच्या एका जुन्या विद्यार्थिनीने सांगितलं होतं, तिकडे जाड वाळूत क्वचित सापडतो.

२०१७चा जानेवारी होता. गंजाडला भात कापून मोकळी झालेली शेतं, आशागडच्या पुढे चिकूच्या वाड्या, मग डहाणू रोड. स्टेशनसमोरच्या चहावाल्याने मराठीत सुरू केलेलं वाक्य गुजरातीत संपवलं. रिक्षाने किनाऱ्यावर पोचले तेव्हा ओहोटी लागली होती.

वाळूत एक काठी रोवलेली दिसली. इथे काहीतरी मिळत असणार, असं समजून मी हातांनीच उकरायला बसले. मागे शिवल्या (शिंपले) वेचणारी एक बाई येऊन उभी राहिली, जमनाबाय.

"बाय, काठी दिसत न्हाय काय? ती जागा सोडलेली हाय."

इथल्या बायका आपला पट्टा कधीच पुरता उकरत नाहीत, असं तिने सांगितलं. निम्मा वेचायचा, निम्म्यावर काठी रोवायची, म्हणजे उरलेल्यातून पट्टा पुन्हा भरतो. ओशाळून मी खड्डा बुजवला आणि कशासाठी आले ते फॉर्मसकट सांगून टाकलं. अनोळखी बाईला सांगणं सोपं गेलं.

ती मला खडकापाशी जाड वाळूत घेऊन गेली. तिची चाळणी आम्ही दोन तास फिरवली. किडे निघाले, गोगलगाई निघाल्या, माझा चष्मा एकदा पाण्यात पडला. शेवटी काहीतरी वळवळलं. वाडग्यात सोडून भिंग धरलं. अंग पारदर्शक, दोन्ही टोकं निमुळती, आणि उजव्या कुशीला हिरवट पिशवी. माझा हात आपोआप स्वतःच्या उजव्या बरगडीखाली गेला. मला रडू आलं, मग त्या रडण्याचंच हसू आलं.

"तुझं निम्मं काढलं तर परत भरंल?" जमनाबायने विचारलं.

"डॉक्टर म्हणतात भरेल."

"मी दर साली भिते. काठी रोवतानी वाटतं, औंदा न्हाय भरलं तर?"

"मग काय करता?"

"काय करनार? तरी रोवते."

तो जीव आम्ही जिथून घेतला तिथेच परत सोडला. दुपारी तिच्या घरी तांदळाच्या भाकरीबरोबर शिवल्यांचं कालवण जेवले. भाकरी दोन झाल्या, तिसरी तिने न विचारता वाढली.

परतीच्या एसटीत फॉर्म काढला. त्याचा एक कोपरा समुद्राच्या पाण्याने भिजून कडक झाला होता. चारोटीला गाडी थांबली तेवढ्यात सही केली. भीती गेली नव्हती, पण सही सरळ आली.